चौतीस पोरं आणि एक गव्हाण

या वेळी नाताळच्या नाटकाबद्दलच, म्हणजे येशूच्या जन्माची गोष्ट चर्चमधली मुलं करून दाखवतात त्याबद्दलच, इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत. सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही, कारण एकीकडं पोरं जास्त झालीत आणि दुसरीकडं पोरंच नाहीत. चार पत्रं निवडलीत.

प्रश्न : मावशी, सलाम. मी सांगलीत असते, चर्चमध्ये दोन वर्षं झाली संडे स्कूल घेते. या वर्षी कमिटीनं नाताळचं मुलांचं नाटक माझ्यावर टाकलंय. मुलं चौतीस आहेत, वय चार ते चौदा, आणि हातात रविवार चारच. नेटवरून एक स्क्रिप्ट काढली तर त्यात पार्ट अकराच निघाले. दोन आया आत्ताच येऊन सांगून गेल्या की मरीयेचा पार्ट आमच्याच मुलीला द्या. एक मुलगा बोलताना अडखळतो, त्याला काय द्यावं सुचत नाही. तरुण संघाची मुलं म्हणतात सगळं आधी रेकॉर्ड करू, मुलं नुसती ओठ हलवतील. सुरुवात कुठून करू तेच कळेना झालंय.
— संडे स्कूलची टीचर, सांगली

उत्तर : सलाम बाळा. आधी ती अकरा पार्टांची स्क्रिप्ट बाजूला ठेव आणि पहिल्या रविवारी कुणालाच पार्ट देऊ नकोस, एकालाही नाही. सगळ्यांना खाली सतरंजीवर बसव आणि बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय मोठ्यानं वाच, सावकाश, आणि मध्ये मध्ये थांबून त्यांना विचार की हे म्हणजे काय असेल. मी बावीस वर्षं नाटकं बसवली, त्यातली पहिली सात-आठ वर्षं आधी पार्ट वाटले आणि मग गोष्ट सांगायला घेतली, पण एकदा पार्ट वाटले की पोरगं फक्त आपल्या ओळीची वाट बघतं, बाकीची गोष्ट त्याच्या कानावरून जाते.

एका वर्षी वाचताना ‘गव्हाणीत ठेवले’ इथं मी थांबले आणि विचारलं, गव्हाण कुणी बघितलीय का. एक पोरगा लगेच म्हणाला, कारखान्यात असती, मोळी टाकत्यात तिच्यात. त्याचे वडील साखर कारखान्यात होते आणि हंगाम सुरू होताना गव्हाणीत मोळी टाकायचा कार्यक्रम त्यानं खांद्यावर बसून बघितला होता. दुसरी म्हणाली नाही, आमच्या आजोळी गोठ्यात आहे, दगडाची, म्हैस खाते त्यातलं. मग थोडा वेळ सगळी गप्प. आणि सहा वर्षांची एक चिमुरडी म्हणाली, कडबा टोचला नसंल का बाळाला? तिला कुणीच उत्तर दिलं नाही. नाटकाच्या दिवशी ती कुणीच नव्हती, मेंढपाळांतली एक होती, पण गव्हाणीपाशी आल्यावर तिनं अंगावरचा स्वेटर काढला, कडब्यावर पसरला आणि मग मरीयेला म्हणाली आता ठेव. हे आम्ही बसवलेलं नव्हतं. पुढं बसलेल्या आज्यांच्या डोळ्याला पदर लागला आणि मला तर उभं राहायचंही सुचेना. ती गोष्ट त्या पोरीची झाली होती, एवढंच मला तुला सांगायचंय, बाकी सगळं त्याच्या मागनं येतं.

आता चौतीस जण कसे बसवायचे. शुभवर्तमान नीट वाचलंस तर कळेल की मेंढपाळ किती होते ते लिहिलेलंच नाही. मागी, म्हणजे ताऱ्यामागनं पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, तीन होते असंही मत्तय कुठं म्हणत नाही, सोनं, ऊद आणि गंधरस अशा भेटवस्तू तीन आहेत म्हणून आपण तीन धरतो. देवदूतांची तर सेनाच आहे. उतारशाळेत जागा नव्हती एवढंच लूक सांगतो, दार लावणारा माणूस त्यात नाहीच, तो नाटकवाल्यांनी नंतर घातलाय. म्हणजे आपल्याला पाहिजे तेवढी मोकळीक आहे. तुझ्याजागी मी असते तर अशी वाटणी केली असती, की गोष्ट सांगणारे सूत्रधार तीन, मरीया तीन, योसेफ दोन, गब्रीएल देवदूत एक, मेंढपाळ पाच आणि त्यांची मेंढरं सहा, मागी चार, देवदूत सहा, हेरोद राजा एक, कळकाला लावलेला तारा धरून चालणारा एक, आणि पुठ्ठ्याची दारं धरून ‘जागा नाही’ म्हणणारे दोन. बघ मोजून, चौतीस झाले. मेंढरं म्हणजे चार-पाच वर्षांची पोरं, पांढरी कानटोपी घातली की झालं, आणि प्रत्येक मेंढराला एक मेंढपाळ ठरवून द्यायचा, एकाकडं दोन जातील, म्हणजे मध्येच आईकडं पळणाऱ्याला धरायला तुला स्टेजवर जायला लागत नाही.

मरीया तीन का, तर एक नासरेथात गब्रीएलसमोर, एक बेथलेहेमच्या वाटेवर, एक गोठ्यात. निळी ओढणी एकच ठेवायची. पहिलीनं ती काढून दुसरीच्या डोक्यावर घालायची, तिनं तिसरीच्या, सगळ्यांच्या समोर, लपवून नाही. लोकांना बरोबर कळतं आणि बघायलाही फार छान दिसतं. तिघी कोण ते चिठ्ठ्या टाकून काढ, पोरींच्या हातानंच, आणि चिठ्ठ्या काढताना त्या दोन्ही आयांना तिथं बसव. आईचं दुखणं खरं असतं गं, तिला आपलं लेकरू पुढं दिसावंसं वाटतं, पण कमिटीत कोण आहे आणि वर्गणी कुणी किती दिली यावर पार्ट गेला की मागं बसलेलं पोरगं ते आयुष्यभर विसरत नाही.

बाळ म्हणून बाहुली घे, खरं तान्हं बाळ माईकच्या आवाजानं दचकतं. पण बाहुली कशी गुंडाळायची ते मात्र एखाद्या आजीकडनं शिकव. बायबलात ‘बाळंत्याने गुंडाळून’ असं आहे, आणि बाळंतं काय असतं ते आपल्या आज्यांइतकं कुणाला माहीत असणार. जुनं मऊ सुती लुगडं फाडून घ्यायचं, आधी एक टोक छातीवरून घेऊन बगलेखाली खोचायचं, मग खालचं पायावरून वर, मग दुसरं टोक. अकरा वर्षांची पोरगी हे दोनदा करून बघते तेव्हा तिचे हात आपोआप हळू होतात, मग अभिनय वेगळा शिकवायला नको.

अडखळणाऱ्या मुलाचं. त्याला मुका पार्ट देऊन कोपऱ्यात उभं करू नकोस आणि त्याला न विचारता तर काहीच ठरवू नकोस. बाजूला घेऊन विचार, तुला काय व्हायचंय. बोलताना अडखळणारी बरीच माणसं गाताना अडखळत नाहीत, आणि चार जणांबरोबर एका सुरात म्हणताना त्यांना खूप सोपं जातं. देवदूतांचं म्हणणं सगळ्यांनी मिळूनच म्हणायचं असतं, तिथं तो मोकळा होऊ शकतो. आमच्याकडं असाच एक होता, त्याला मी तारा धरायला दिला होता कारण मला वाटलं तेवढंच जमेल, आणि तिसऱ्या रविवारी तो माझ्यापाशी येऊन म्हणाला, मला बोलायचंय. एक वाक्य दिलं, ‘इथंच आहे तो’. तीन वेळा अडकला, मागी थांबले, लोक थांबले, आणि त्यानं ते पूर्ण केलं. कुणी घाई केली नाही. मुलांना एवढं आधी सांगून ठेव, की कुणी अडकला तर वाट बघायची, त्याचं वाक्य आपण म्हणायचं नाही.

रेकॉर्डिंग नको. एका वर्षी आम्ही केलं होतं, आवाज मोठ्या मुलींचे, लहानांनी नुसते ओठ हलवायचे. गब्रीएल मरीयेशी बोलत असताना लाईट गेली. अंधारात सतरा पोरं तोंड उघडी टाकून उभी, आणि पुढं काय म्हणायचं ते एकालाही येईना, कारण त्यांनी ते कधी म्हटलंच नव्हतं. आठ वर्षांची गब्रीएल तिथंच रडायला लागली. ती चूक माझी होती आणि मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं.

आणि सांगलीत बसून रेकॉर्डिंग कशाला करायचं, आपल्याच गावात 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, त्याची आठवण म्हणून 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन करतो ना आपण. त्यांच्या खेळात सूत्रधार पदं गाऊन गोष्ट पुढं न्यायचा आणि पात्रं मधलं बोलणं आपल्या मनानं बोलायची, पाठ केलेली संहिता नसायची. मुलांसाठी याच्याइतकी सोयीची रीत दुसरी नाही. तुझे तीन सूत्रधार तेरा-चौदा वर्षांचे घे, वाचनाची सवय असलेले, हातात बायबल घेऊन उभे राहिले तरी चालेल, त्यांनी गोष्ट सांगायची, मध्ये मंडळीला, म्हणजे चर्चमधल्या सगळ्या लोकांना, येतं असं एखादं नाताळचं गाणं सगळ्यांनी म्हणायचं, आणि पोरांनी आपल्या शब्दांत बोलायचं. योसेफ ‘दार उघडा की ओ, बायको अवघडलीय’ म्हणाला तर म्हणू दे. गब्रीएलच्या आणि देवदूतांच्या तोंडी मात्र शास्त्रातलेच शब्द असू देत, ते पाठ करून घे, ‘भिऊ नका’ इथनं सुरू होणारे, ते आयुष्यभर उपयोगी पडतात.

दुसऱ्या रविवारी वाटणी आणि तुकड्या-तुकड्यांत करून बघणं, तिसऱ्याला सगळं सलग, चौथ्याला कपडे घालून त्याच जागेवर, माईकसकट. मध्ये दोन शनिवार संध्याकाळी तासभर घे, जास्त नको, मराठी शाळांच्या पोरांना नाताळची सुट्टी बहुतेक त्या एका दिवसाचीच असते आणि चाचण्याही चालू असतात. नाटक पंचवीस मिनिटांच्या वर जाऊ देऊ नकोस. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर सहसा चालत नाही, त्यात डिसेंबरची थंडी, तेव्हा साडेसहाला सुरू कर म्हणजे फराळ वाटून आठला सगळे घरी.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. कापसाची दाढी, कापसाचे पंख आणि पेटती मेणबत्ती एकत्र येऊ देऊ नकोस. अजिबात नाही. सेलवरच्या मेणबत्त्या मिळतात त्या आण, माळांच्या वायरी पोरांच्या पायात येणार नाहीत अशा भिंतीकडनं घे आणि चिकटपट्टीनं दाबून टाक, आणि स्टेजच्या दोन्ही बाजूला पाण्याची बादली भरून ठेव. पंख पुठ्ठ्याचे कर, थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. गोठ्याच्या भिंतीसाठी मार्केट यार्डातनं रिकामं बारदान मागून आण, पण झटकून आण, आमच्याकडं एकदा हळदीचं आलं होतं आणि योसेफाचा पांढरा शर्ट पिवळा होऊन घरी गेला.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही हिंदू आहोत. माझ्या मुलाचा जिवलग मित्र ख्रिश्चन आहे आणि त्यांच्या चर्चच्या नाटकात याला पण घेणारेत म्हणे. मुलगा हट्टाला पेटलाय. घरात सासूबाईंना जरा वाटतंय की लोक काय म्हणतील. पाठवू का?
— एक आई, तासगाव

उत्तर : ताई, पाठवा, पण आधी तुम्ही स्वतः जाऊन या. नाटक बसवणाऱ्या टीचरला भेटा, त्याला काय करायचंय, काय बोलायचंय, किती वाजता सोडणार ते विचारा. चांगली टीचर असेल तर ती तुमच्याकडं आपणहून येईल, आणि माझं सगळ्या संडे स्कूलवाल्यांनाही सांगणं आहे की दुसऱ्याचं लेकरू आईवडिलांना विचारल्याशिवाय एका प्रॅक्टिसलाही बसवू नका, होकार चिठ्ठीवर लिहून घ्या. आपल्या सणाला दुसऱ्याचं लेकरू पाहुणं असतं. प्रार्थनेच्या वेळी त्याला नुसतं शांत बसायचं असेल तर बसू द्यावं. गणपतीच्या आरतीला शेजारची मेरी टाळ वाजवते तेव्हा आपण तिला काय समजतो, आपलीच पोर समजतो ना. सासूबाईंना बरोबर न्या आणि पहिल्या रांगेत बसवा. नातवाला डोक्याला मुंडासं बांधून मेंढपाळ झालेला बघितला की त्यांनाच कौतुक वाटेल बघा.

प्रश्न : आमची मंडळी लहान, साताऱ्याजवळच्या गावात. मुलं फक्त सात. स्टेज नाही, पडदा नाही, एक पेटी आहे आणि झांजा आहेत. सात मुलांत नाटक होणार नाही असं सगळे म्हणतात. मावशी तुमचं काय मत?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : दादा, पेटी आहे आणि झांजा आहेत म्हणता आणि काही नाही असंही म्हणता! तुम्ही नाटक करूच नका, कीर्तन करा. रेव्हरंड ना. वा. टिळक 1917 साली साताऱ्यात राहायला आले आणि ‘देवाचा दरबार’, म्हणजे ख्रिस्तभक्तांची त्यांची संगत, तिथनंच सुरू झाला, दोनच वर्षांनी 1919 मध्ये ते गेले. ख्रिस्ताची गोष्ट कीर्तनातनं, अभंगातनं, आपल्या मातीतल्या चालीत सांगायची हा त्यांचा ध्यास होता आणि आजही आपण रविवारी त्यांची कितीतरी गाणी म्हणतो. तुमच्या जिल्ह्यातली ही पुंजी आहे, ती सोडून बाहेरनं पडदा कशाला भाड्यानं आणायचा.

मोठ्यातल्या मोठ्या मुलाला किंवा मुलीला कीर्तनकार करा, उभं राहून गोष्ट सांगायची. दोघं झांजेवर, मागं टाळकऱ्यासारखी उभी. पेटीवर मोठं माणूस बसलं तरी चालेल. आधी पूर्वरंग, त्यात एकच विचार घ्यायचा, समजा दाराशी आलेल्या पाहुण्याचा, मुलांना आपल्या घरातलेच दाखले द्यायला सांगा, मग गाणं, मग उत्तररंगात बेथलेहेमची गोष्ट. आणि गोष्ट रंगात आली की उरलेली चार मुलं पुढं येऊन तेवढाच प्रसंग करून दाखवतील, दोघं मरीया-योसेफ, दोघं कधी दार, कधी मेंढपाळ. उपरणं डोक्याला बांधलं की मेंढपाळ, खांद्यावर टाकलं की घरमालक. लोकांना हे लगेच कळतं, भारुडं बघून वाढलेली माणसं आपण.

आणि तुमच्याकडं या दिवसांत ऊसतोडीला आलेली कुटुंबं फडाच्या कडेला कोप्या करून राहत असतील. पाचटाच्या कोपीत थंडीत तान्ही लेकरं असतात. पूर्वरंगात हा दाखला तुमच्या मुलांना मी न सांगताही सुचेल. कीर्तन झाल्यावर फराळाचे डबे घेऊन मुलांनाच तिकडं न्या, पण फोटो काढू नका कुणाचे, कुणाच्या कोपीपुढं उभं राहून फोटो काढलेला मला सहन होत नाही.

प्रश्न : मावशी, आम्ही तरुण संघातर्फे या वर्षी खरं कोकरू आणायचं म्हणतोय, मुलं पण खूश आहेत. आणि मेंढपाळांसाठी घोंगडी कुठं मिळतील, विकत घेतली तर बजेटच्या बाहेर जातंय.
— तरुण संघाचे काही जण, मिरज

उत्तर : कोकराला हॉलमध्ये आणू नका रे. जित्या जनावरांसकट गव्हाणीचा देखावा पहिल्यांदा केला म्हणून ज्यांचं नाव घेतात ते असिसीचे संत फ्रान्सिस, इटलीत ग्रेच्यो नावाच्या गावात, 1223 साली, तिथं बैल आणि गाढव होतं हे खरं, पण ते डोंगरातलं गाव होतं, आणि तिथं ट्यूबलाईट, ढोलकी आणि दीडशे मोबाईल नव्हते. कोकराला कळपातनं आणि आईपासनं तोडून आणलं की ते घाबरतं, सारखं ओरडतं, लाद्यांवर त्याचे खूर घसरतात, आणि पोरं त्याच्या मागं लागली की नाटक संपलं.

त्यापेक्षा मुलांनाच कोकराकडं न्या. दिवाळीनंतर जत, आटपाडीकडचे धनगर मेंढरं घेऊन नदीकाठच्या गावांत उतरतात, शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवतात, तुमच्या मिरजेच्या आसपासच कुठंतरी कळप सापडेल, दूधवाल्याला विचारा, त्याला माहीत असतं. आधी दोघांनी जाऊन त्यांची परवानगी घ्या आणि मग एका शनिवारी दिवस मावळताना मुलांना घेऊन जा. वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं कोंडताना बघू दे, नुकतं जन्मलेलं कोकरू हातात घेऊ दे, आणि बाबाला विचारू दे की रात्री कोण जागं राहतं, कशाची भीती असते. आमच्या पोरांनी विचारलं होतं तेव्हा म्हातारबाबा म्हणाले, कुत्रं भुकलं नाही तरी जाग येती, मेंढरं गप्प झाली की जाग येती. ते वाक्य आम्ही तसंच्या तसं नाटकात घेतलं, देवदूत यायच्या आधी. सगळी मेंढरं एकदम गप्प झाली आणि म्हातारा मेंढपाळ उठून बसला, हॉलमध्ये चिटपाखरू हललं नाही.

घोंगडी विकत घेऊ नका, मागा. मंडळीत ज्यांची गावाकडं घरं आहेत त्यांच्याकडं एक तरी निघतं, पलंगाखाली नाहीतर माळ्यावर. पाच पुरतात. प्रत्येकाला आतल्या बाजूनं कापडाचा तुकडा टाचून त्यावर ज्याचं त्याचं नाव लिहा, नाहीतर शेवटी कुणाचं कुठलं ते कळत नाही आणि भांडणं होतात. पोरांना मानेला टोचतं म्हणून आत फुल शर्ट घालायला सांगा. झाल्यावर घोंगडं धुवायचं नाही, दिवसभर उन्हात टाकायचं, दोघांनी धरून झटकायचं, घडी घालायची आणि नाताळचा आठवडा संपायच्या आत ज्याचं त्याला नेऊन द्यायचं, बरोबर करंज्यांचा डबा. कळपाच्या बाबांसाठी पण एक डबा बाजूला काढा, आणि तो लवकर पोचवा, कळप एका रानात फार दिवस थांबत नाही.